म्हैसाळकरांचं लॉगबुक

"आधी पावती लिहा," शैलजाबाई म्हणाल्या. "लॉगबुक मग."

लॉगबुक त्यांच्या मांडीवर होतं. निळ्या कापडी बांधणीचं, कोपरे झिजलेलं, आणि त्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले होते. मी कोल्हापूरहून सकाळच्या एसटीने मिरजेला आलो होतो ते त्या वहीसाठीच, त्यामुळे मुकाट्याने कागद पुढे ओढला. फ्लाइट लेफ्टनंट अजित म्हैसाळकर यांची उड्डाणांची नोंदवही अभ्यासासाठी मिळाली, महिन्याभरात परत करीन, असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

त्यांनी चष्मा नाकावर सरकवून कागद पाहिला आणि माझ्याकडे परत दिला. सही इंग्रजीत हवी होती, नोकरीत असताना करायचो तशी. शेजारी सर्व्हिस नंबरही हवा होता. आठवतोय ना, असं वर विचारलं.

वायुदलातल्या माणसाला हे विचारू नये. तो लग्नाचा वाढदिवस विसरेल, पण नंबर विसरायचा नाही. मी झोकात सही केली, नंबर घातला, पण तेव्हाच मनात पाल चुकचुकली. नवऱ्याची आठवण म्हणून पंचवीस वर्षं जपलेली वही द्यायची, तर बाई माणसाचा पत्ता विचारेल, फोन विचारेल. सर्व्हिस नंबर कशाला? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी मनाशी धरलं.

ही गोष्ट सत्त्याण्णवच्या जानेवारीतली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि संशय हा माझा धंदा होता. पंधरा वर्षं वायुदलात इंजिन फिटर म्हणून काढली, सुटल्यावर कोल्हापुरात एका ग्रंथालयात चिकटलो आणि हळूहळू लढाऊ विमानांच्या इतिहासावर लिहायला लागलो. रविवारच्या पुरवणीत माझं सदर यायचं. बाळगोंडा मगदूम हे नाव लोकांच्या ध्यानात राहिलं ते मात्र विमानांमुळे नाही, लोकांच्या थापा पकडल्यामुळे. साताऱ्याकडचे एक निवृत्त अधिकारी वीस वर्षं भाषणांतून सांगत होते की आपण शत्रूचं विमान पाडलं. मी तारीख शोधून काढली. त्या दिवशी साहेब गालगुंड होऊन इस्पितळात पडले होते. तो लेख छापून आल्यावर मला आठवडाभर पत्रं येत होती, आणि खोटं कशाला सांगू, मी ती पुन्हा पुन्हा वाचत होतो.

त्यानंतर पुस्तक हाती घेतलं. एकाहत्तरच्या लढाईतून परत न आलेले आपल्या भागातले वैमानिक. यादीत नऊ नावं होती. आठ लिहून झाली होती. म्हैसाळकरांचं नाव पहिल्यापासून यादीच्या तळाला होतं आणि कागद अपुरे आहेत या सबबीवर मी ते वर येऊ दिलं नव्हतं. शेवटी बाईंचंच पत्र आलं. ह्यांच्याबद्दल पुस्तकात काय लिहिणार आहात, एवढीच एक ओळ आणि खाली मिरजेचा पत्ता.

घर पहिल्या मजल्यावर होतं. खाली तंतुवाद्यांचं दुकान, समोरच्या गच्चीवर तंबोऱ्याचे भोपळे वाळत घातलेले. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मूलबाळ नव्हतं. बोलणं मोजकं आणि आवाजात वर्गावर नजर ठेवायची सवय. चहा दिला, चिवडा दिला, पण वही काही मांडीवरून हलली नाही.

"काय लिहिलंय ते वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

अजून कच्चंच आहे, म्हणून मी टाळायला पाहिलं. कच्चंच वाचा, असं उत्तर आलं. मग मी पिशवीतून कागद काढून वाचलं. फ्लाइट लेफ्टनंट म्हैसाळकर सात डिसेंबरच्या संध्याकाळी साथीदारांना सोडून एकटेच मागे फिरले आणि वाटेतल्या एका तळावर उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या तळावर परतताना त्यांच्या हातून चूक झाली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले.

बस, एवढंच. बाकीच्या आठांना मी आठ-आठ, दहा-दहा पानं दिली होती.

"एकटेच मागे फिरले," बाई म्हणाल्या. "म्हणजे घाबरले."

"मी तसं लिहिलेलं नाही."

"वाचणारा तसंच वाचणार. माझ्या सासऱ्यांनी तसंच वाचलं. ह्यांच्याच तुकडीतले एक साहेब भेटायला आले होते, त्यांनी जाता जाता सांगितलं, अजित जरा कच खाणारा होता. सासरे त्यानंतर अकरा वर्षं जगले. ह्यांचा फोटो त्यांनी बैठकीत लावू दिला नाही."

मलाही ते एका निवृत्त ग्रुप कॅप्टननेच सांगितलं होतं, पुण्यात, आग्रह करकरून जेवायला घालून. तोच माणूस असावा. मी त्याचं नाव घेतलं नाही. बाईंना म्हटलं, चौकशीतही वैमानिकाची चूक असंच ठरलं होतं, मला त्याच्यापलीकडे कसं जाता येईल?

त्यावर त्यांनी विचारलं, "त्या डिसेंबरात तुम्ही कुठे होतात?"

"पश्चिमेकडे. आम्ही काय, पाठवतील तिथे जायचं."

"तळ कुठला?"

"पंचवीस वर्षं झाली बाई."

"नंबर पाठ आहे आणि तळ विसरलात?"

त्या उठल्या आणि कपाटातून एक फाइल आणली. तिच्यात माझे लेख होते. झाडून सगळे, तारखेनुसार लावलेले, समासात शिसपेन्सिलीच्या खुणा. एरवी मी सुखावलो असतो. त्या दिवशी नाही सुखावलो. दोन वर्षांपूर्वीच्या एका लेखात मी ऐन लढाईच्या दिवसांतल्या धावपळीचं वर्णन केलं होतं आणि नको तिथे ऐट दाखवत तळाचं नावही लिहून बसलो होतो. त्या नावाखाली पेन्सिलीने दोन रेघा मारलेल्या होत्या.

बाईंना कोर्टकचेरी करायची असावी, असा अंदाज बांधला. कुणीतरी वकील पाठीशी असेल, मला साक्षीला उभं करायचं असेल. आता शब्द तोलून बोलायचं, असं ठरवलं.

तेव्हा कुठे त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी शेवटचं पान उघडलं आणि जीव भांड्यात पडला, कारण तिथे मला माझा धंदा करता येत होता. वैमानिकाचं लॉगबुक त्याने स्वतः लिहायचं असतं. फक्त शेवटची ओळ त्याला लिहिता येत नाही. जो परत येत नाही, त्याची शेवटची ओळ सोबती लिहितात. म्हणून अशा प्रत्येक वहीत शेवटचं अक्षर परकं असतं, आणि आठ वह्या पाहून झाल्यावरही ते परकं अक्षर आलं की माझा हात थांबायचा. इथे मात्र परक्या अक्षरातल्या ओळी दोन होत्या. शेवटून दुसरी सात तारखेची, आणि तिच्यापुढे शेरा होता, इंजिन नीट चालेना म्हणून परत फिरलो.

"हा शेरा त्यांचा नाही," मी म्हणालो. आवाजात नाही म्हटलं तरी चढेलपणा आला. "सात तारखेची रात्र त्यांनी दुसऱ्या तळावर काढली. वही राहिली त्यांच्या स्वतःच्या तळावर. म्हणजे त्यांना ही ओळ लिहिताच आली नसती. ते गेल्यावर कुणीतरी लिहिली आहे. बहुधा त्यांच्यावरचा डाग पुसायला."

मला वाटलं, बाई चिडतील किंवा रडतील. दोन्ही मला सवयीचं होतं. त्यांनी नुसती मान हलवली.

"बरोबर आहे. ती ह्यांच्या मित्राने लिहिली. म्हणजे इंजिनाची तक्रार होती याला पुरावा नाही, असंच तुम्ही म्हणणार."

"पुराव्याशिवाय मी लिहीत नाही."

"आणि पुरावा दिला तर?"

"तर लिहीन. नावानिशी, तारखेनिशी. मी कुणाची भीड ठेवलेली नाही आजवर."

"शब्द देताय?"

"दिला," मी म्हणालो.

त्यांनी फाइलच्या मागच्या कप्प्यातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक कागद काढला आणि तो टेबलावर, माझ्या पावतीच्या शेजारी, कडेला कड लावून ठेवला.

तो कार्बनचा कागद होता, निळी अक्षरं फिकटलेली. मी लांबूनच ओळखला. असे हजारो मी हाताळले होते. विमान परक्या तळावर उतरलं की तिथल्या फिटरने ते तपासायचं, फॉर्मवर लिहून सही करायची, मग वैमानिकाने खाली सही करून विमान ताब्यात घ्यायचं. आणि एक प्रत जमिनीवर ठेवूनच उडायचं. विमान गेलं तरी कागद मागे राहावा, म्हणून तो नियम. चौकशी संपल्यावर कुणीतरी ती प्रत बाईंना आणून दिली होती. कुणी, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

वर म्हैसाळकरांच्या घाईच्या अक्षरात तक्रार होती. इंजिनाचे फेरे मधेच घसरतात, थ्रॉटल पुढे केला तरी लगेच उचल घेत नाही. त्याखाली दुसऱ्या अक्षरात उत्तर होतं. इंजिन जमिनीवर चालवून पाहिले, ठीक आहे. वेळ संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं. सही. नंबर.

सही माझी होती. नंबरही माझा होता. बाजूच्या पावतीवरची शाई अजून ताजी होती आणि दोन्ही सह्यांमधला शेवटचा फराटा सारखाच वर गेला होता.

खालच्या दुकानात कुणीतरी एकच तार छेडून बघत होता. मी त्यांच्याकडे न पाहता कागदाकडे पाहत राहिलो. मनात पहिला विचार काय आला, तर या कागदाची दुसरी प्रत कुणाकडे असेल. इतका मी मुरलेला होतो.

"चालवून पाहिलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"किती वेळ?"

"पाच-सात मिनिटं. नेहमी तेवढंच चालवतात."

बाईंनी पेन्सिल घेतली. तीस वर्षं गणित शिकवलेल्या हाताने ती कागदाच्या उजव्या बाजूला, इंधनाच्या रकान्यावर टेकवली. शब्द मला अजून आठवतात, कारण त्या अगदी हळू बोलत होत्या, मंद मुलाला समजावून सांगावं तशा.

"सव्वासहाला टाकी भरल्याची नोंद आहे. आकडा हा. सात-पाचला तुम्ही इंजिन चालवलं. इंजिन चाललं की इंधन जळतं, परत भरावं लागतं, भरलं की लिहावं लागतं. इथल्याच एका निवृत्त वॉरंट ऑफिसरांकडे सहा महिने बसून मी हा कागद वाचायला शिकले. परत भरल्याची नोंद कुठेच नाही. आणि सकाळी ह्यांनी विमान घेतलं तेव्हा आकडा तोच आहे. मग मगदूम, ते इंजिन तुम्ही चालवलंत कशावर?"

असा प्रश्न आजवर मी लोकांना विचारत आलो होतो. साताऱ्याच्या साहेबांना विचारला होता आणि त्यांचा चेहरा पडलेला पाहून मला बरं वाटलं होतं.

मग मी सांगितलं. त्या संध्याकाळी आमच्याकडे पाच विमानं येऊन उभी होती आणि आम्ही तिघं होतो. सार्जंट सगळ्यांवर करवादत होता. अंधार पडला होता, दिवे लावायला बंदी, आणि इंजिन चालवायचं तर मागे आगीचा लोळ दिसणार. मी फॉर्मवर आधीच सही करून ठेवली. इंजिन पहाटे चालवू, असा माझा हिशेब. असं आम्ही सर्रास करायचो. काम करायचंच असतं, मग सही आधी काय आणि नंतर काय. आणि एरवी कामं खरंच व्हायची. त्या पहाटे आणखी चार विमानं उतरली. मी त्यांच्यामागे धावलो. साडेसहाला म्हैसाळकर साहेब हेल्मेट काखेत मारून आले, तेव्हा मला सांगता आलं असतं की थांबा, इंजिन बघायचं राहिलंय. वीस मिनिटांचा प्रश्न होता. मी सांगितलं नाही. एकवीस वर्षांचा होतो आणि खोटी सही केली म्हणून कैदेत जायची भीती होती.

"दुपारी कुणीतरी म्हणालं की पलीकडे एक विमान पडलं," मी म्हणालो. "कुठलं, ते मी विचारलं नाही."

"तेव्हा नाही. पण नंतर? इतिहास लिहायला लागल्यावर?"

त्या लढाईत पडलेल्या दर विमानाची तारीख, जागा, नंबर मी उकरून काढला होता. दुसऱ्याच्या गालगुंडापर्यंत पोचलो होतो. आठ डिसेंबरची सकाळ तेवढी मी कधी उघडली नाही, आणि म्हैसाळकर वाटेतल्या कुठल्या तळावर उतरले होते, हा प्रश्न त्या ग्रुप कॅप्टनला पुण्यात ताटावर बसून विचारायचा राहिला. राहिला कसला, मी विचारलाच नाही. इतक्या वर्षांत मी संशय घेतला नव्हता असा माणूस एकच, आणि तो मी. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली की आता माझं सगळं संपलं.

बाईंनी माझा कच्चा कागद पुढे सरकवला. पेनही दिलं.

"दुरुस्त करा."

मी दोन ओळी खोडल्या. लिहिलं, की इंजिनात बिघाड जाणवल्यामुळे म्हैसाळकर मागे फिरले आणि उतरल्यावर त्यांनी रीतसर लेखी तक्रार केली. त्या रात्री इंजिनाची तपासणी झाली नाही. ती झाली अशी खोटी नोंद मात्र करण्यात आली. दुसऱ्या दिवशीच्या अपघाताचं कारण ठरवताना हे विचारात घेतलं गेलं नाही.

त्यांनी वाचलं. "नाव राहिलं," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांची नावं लिहिता तुम्ही."

मी नाव लिहिलं. फिटर, बाळगोंडा मगदूम.

पुस्तक पुढे अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत आलं. ते पान गाळा, असं प्रकाशकाने दोनदा सुचवलं. मी गाळलं नाही आणि त्यात माझा मोठेपणा काही नाही, शब्द देऊन फसलो होतो. सदर त्याच वर्षी बंद झालं. साताऱ्याच्या साहेबांनी एक पोस्टकार्ड पाठवलं, त्यावर फक्त माझा पत्ता आणि त्यांची सही होती, मजकूर काही नव्हता. जुन्या सोबत्यांपैकी दोघं अजून बोलत नाहीत, त्यांना वाटतं मी सगळ्या फिटरांची अब्रू घालवली. ज्यांच्या थापा मी पकडल्या होत्या, त्यांनी मला कुठे कुठे गाठून काय काय ऐकवलं, ते जाऊ द्या.

पण त्या दुपारी मी नाव लिहून उठलो, पिशवी उचलली आणि दारापर्यंत गेलो, तेव्हा बाईंनी मला थांबवलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज शाळेतल्या बाईंचा नव्हता.

"ह्यांची एक सवय होती," त्या म्हणाल्या. "कुणीही भेटलं की आधी गाव विचारायचे. त्या दिवशी सकाळी विचारलं होतं का तुम्हाला?"

मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. फॉर्मवर ते नव्हतं, लॉगबुकात नव्हतं आणि कुठल्याही चौकशीत आलं नसतं. त्यांच्यासमोर परत येऊन बसलो.

"विचारलं होतं," मी म्हणालो. "छातीवरची नावाची पट्टी वाचून म्हणाले, मगदूम म्हणजे आपल्याकडचाच की रे तू. गाव कुठलं? मी म्हटलं, कुंभोज. तर हसले. मी मिरजेचा, म्हणाले. मग फॉर्म हातात घेतला. इंजिनाची तक्रार होती, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांनी मला उलटसुलट विचारायला हवं होतं. फेरे किती मिळाले, आवाज कसा होता. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग म्हणाले, जाऊ दे, घरच्या माणसाला काय विचारायचं."

बाई माझ्याकडे पाहत होत्या.

"आणि सही केली," मी म्हणालो.